आप्पांच्या गाडीतलं दुसरं इंजिन

चौफुल्याला एसटीतून उतरले तर आप्पा गाडी घेऊन उभे होते. मी पुढं बसले, पिशवी पायाशी ठेवली, गाडी पाटसच्या दिशेनं हायवेला लागली आणि आप्पांनी समोरचा टेम्पो मागं टाकला. एवढंच झालं. पण मी दोन्ही हातांनी सीट धरली.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते कुणाला मागं टाकत नाहीत. साखर कारखान्याच्या बॉयलरवर त्यांची सगळी नोकरी झाली. वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेच्या चांगला अलीकडं असतानाच व्हॉल्व्हवर हात ठेवणारा माणूस. घरातही तसेच. झोपण्याआधी गॅसचं बटण तीनदा बघायचे. घरपट्टी भरायला पहिल्या दिवशी रांगेत पहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका मास्तरांकडून जुनी, पांढरी, पेट्रोलवरची बारकी गाडी घेतली आणि ती पंचेचाळीसच्या वर कधी नेली नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. आप्पा म्हणायचे, "एवढी घाई हाय तर काल निघायचं हुतं त्यानं."

त्या दिवशी मात्र टेम्पो झाला, मग माणसं कोंबून नेणारी एक वडापची जीप झाली, मग खताचा ट्रक. प्रत्येक वेळी माझी पाठ सीटला चिकटली. आणि आवाज वेगळा होता. जाड, खालून येणारा, पायाच्या तळव्यांना लागणारा.

"आप्पा, गाडीला काय केलंय?"

"काय न्हाई. काम काढलं हुतं जरा."

"कसलं काम?"

"इंजिनाचं."

मी कान देऊन ऐकलं. मला इंजिनातलं फारसं कळत नाही, पण पेट्रोलची गाडी कशी वाजते आणि डिझेलची कशी, एवढं कुणालाही कळतं.

"ही पेट्रोलची आहे ना?"

"हुती," आप्पा म्हणाले.

पाटसच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि बॉनेट उघडलं. बारक्या पिशवीत मोठं कलिंगड कोंबावं तसं एक इंजिन तिथं बसवलं होतं. कुठं बोट घालायला जागा नव्हती. वायरी काळ्या टेपनं गुंडाळून कडेकडेनं नेलेल्या. त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन, टर्बोवालं, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांनी आत जास्त हवा कोंबणारं. अपघातात मागून चेपलेल्या एका गाडीचं काढून आणलेलं. हे सगळं आप्पा मला सांगत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. खुशीत होते, आणि घाबरलेलेही होते.

"आईला माहितेय?"

"इंजिनाचं काम काढलंय म्हणून सांगितलंय तिला."

"आणि आरसीवर? इंजिन बदललं, इंधन बदललं, त्याची नोंद?"

"करायची हाय."

"करायची आहे म्हणजे?"

"म्हंजी करायची हाय," असं म्हणून त्यांनी बॉनेट आपटून बंद केलं. आप्पा वस्तू आपटत नाहीत.

माझं लग्न होऊन मी शिरूरला गेले त्याला पंधरा वर्षं झाली. महिन्यातून एखादा रविवार माहेरी येते. तेवढ्या वेळात माझ्या बापाचं असं काय झालं, याचा मला ताळमेळ लागेना. का केलंत म्हणून विचारलं, तर एवढंच म्हणाले, "जुन्याला ओढ न्हवती."

घर जवळ आल्यावर त्यांनी मूळ विषय काढला. "तुझं काम टेम्परेचरचंच हाय ना?"

मी रांजणगावच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. भट्ट्या, टाक्या, पाइप यांच्यावर तापमानाचे आणि दाबाचे मीटर असतात. ते खरं सांगतात का, हे तपासणं माझं काम. आप्पांना याचा अभिमान आहे, पण ते तसं बोलून दाखवत नाहीत. पाहुण्यांना सांगताना फक्त म्हणतात, "पोरगी मीटर बघती."

"मला ह्याच्या धुराचं टेम्परेचर बघायचं हाय," ते म्हणाले. "पाण्याचा काटा गाडीत हाय, पण त्यो लई उशिरा सांगतो. चुलीत काय चाललंय ते आधी धुराड्याला कळतंय."

ते बरोबर होतं. बॉयलरवाल्या माणसाला ते शिकवायला नको. आणि खरं सांगायचं तर तिथं माझा अर्धा राग गेला. इतकं वेडेपण करूनसुद्धा माणूस मोजमाप मागतोय, म्हणजे अजून माझेच आप्पा आहेत, असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी मी सेन्सर घेऊन गेले. कंपनीतला नाही, पुण्याहून विकत आणलेला. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या असतात. टोक तापलं की त्यांच्यात किंचित वीज तयार होते आणि त्यावरून मीटर अंश दाखवतो. एवढंच त्याचं शास्त्र. हजारावरचं तापमानही तो सांगतो.

इंजिन बसवलं ते गॅरेज दौंडात, कुरकुंभ मोरीच्या, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्याच्या पलीकडं होतं. मेस्त्री कारखान्यात सीझनला फिटर म्हणून यायचा, तेव्हापासून आप्पांना ओळखत होता. "जयभीम ताई," म्हणून त्यानं स्टूल पुसून दिलं. माणूस कष्टाळू होता, हाताला चांगला होता. पण तो जे सांगत गेला ते ऐकून मला स्टुलावर बसवेना. पुण्याहून एकजण लॅपटॉप घेऊन आला होता आणि त्यानं इंजिनाला जास्त डिझेल मिळेल अशी सेटिंग करून दिली होती. टर्बोतून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी गार करायला जाळीसारखा एक भाग असतो. तो ह्या बारक्या बॉनेटखाली बसत नव्हता, म्हणून काढून टाकला होता.

"काढून टाकला?"

"बसतच न्हवता ताई. आन् आप्पा काय रेसिंगला जानार हायत व्हय?"

म्हणजे आत डिझेल जास्त, हवा गरम, आणि आग हवी त्याच्या कितीतरी वर. मी आप्पांकडं पाहिलं. बॉयलरमध्ये असं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं. ते गॅरेजच्या दारात उभे राहून मोरीतून निघणाऱ्या गाड्या बघत होते.

मेस्त्रीला एक्झॉस्टच्या पाइपाला जागेवरच भोक पाडायचं होतं. मी नाही म्हटलं. ड्रिलचा कीस आत पडला तर तो थेट टर्बोच्या पात्यात जाईल. त्याला तो सगळा भाग खोलायला लावला, टर्बोच्या आधी भोक पाडलं, त्यावर आट्याचा नट वेल्ड करून घेतला आणि सेन्सरचं टोक बरोबर पाइपाच्या मध्यावर येईल असं बसवलं. सगळा दिवस गेला. मीटर स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला लावला, लाल आकड्यांचा. गाडी चालू केल्यावर त्यानं एकशे चाळीस दाखवले आणि आप्पांनी टाळी वाजवली. मी त्यांना टाळी वाजवताना कधी पाहिलं नव्हतं.

"कितीला थांबायचं?" त्यांनी विचारलं.

"सातशे. सातशेच्या वर गेलं की पाय काढायचा."

"सातशे, पक्कं?"

"पक्कं."

मीटरला बझर जोडायची सोय होती. आकडा ओलांडला की तो वाजला असता. पण बझर मी आणला नव्हता. पुढच्या वेळी आणते म्हणाले.

पुढची वेळ तीन आठवड्यांनी आली. मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, बारामतीकडच्या एका गावात. मी आदल्या दिवशीच दौंडला आले होते. बझर शिरूरला कपाटात राहिला. सकाळी साडेनऊला आम्ही तिघं निघालो. आई मागं बसली, मांडीवर आहेराची पिशवी. पिशवीत अर्धा डझन स्टीलची ताटं. तिनं बसतानाच सांगितलं, "सावकाश चला. ताटं वाजत्यात."

कुरकुंभपर्यंत आप्पा अगदी सावकाश गेले. मीटर तीनशे-साडेतीनशेच्या आसपास खेळत होता. एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या बस रस्त्याच्या कडेला लागलेल्या, कुठल्यातरी पाळीचे लोक टपऱ्यांवर चहा पीत उभे. तिथून हायवे ओलांडून बारामतीकडं निघालं की चढ लागतो. फार मोठा नाही, पण आमच्याकडं त्याला घाटच म्हणतात. चढाच्या सुरुवातीलाच पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या जोडलेला. माणसाच्या चालीनं चढत होता. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी उसाची वाढी, शेंड्याकडची हिरवी पानं, लोंबत होती आणि रस्त्याला झाडत होती.

आप्पांनी वाकून पुढचा रस्ता बघितला. मोकळा होता. त्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला.

गाडी अशी काही उचलली गेली की आईच्या मांडीवरची ताटं खणखणली. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टर गेला. आम्ही पुढं आलो, रस्ता समोर वर वर जाणारा, पूर्ण मोकळा. आता पाय काढायला हरकत नव्हती. आप्पांनी काढला नाही. आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते. पाचशे नव्वद. सहाशे साठ. सातशे दहा. सातशे ऐंशी. असे आकडे चढताना मी कधी पाहिले नव्हते. आमच्या भट्टीला एवढं चढायला तास लागतो. आठशे तीस. आठशे ऐंशी.

मग खालून शिट्टीसारखा आवाज आला, आणि तो तुटला.

आप्पांनी पाय काढला. मी पाहिलं, त्यांचा पाय हवेत होता. पण इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. त्यांनी क्लच दाबला, तर इंजिन किंचाळायला लागलं. त्यांनी चावी फिरवली, काढली, हातात धरली. इंजिन चालूच.

चावी हातात आणि इंजिन चालू. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आप्पा चावीकडं बघत होते, एखाद्या ओळखीच्या माणसानं ऐन वेळी ओळख द्यायला नकार द्यावा तसे.

"आप्पा, गिअर टाका! चौथा टाका आणि ब्रेक दाबा!"

त्यांनी तसं केलं. गाडी थांबली, पण इंजिन बंद पडलं नाही. क्लच घसरायला लागला आणि जळक्या रबरासारखा वास आत शिरला. मागं पाहिलं तर रस्ता नव्हता. ट्रॅक्टर नव्हता, टपऱ्या नव्हत्या. फक्त निळा-पांढरा धूर, भिंतीसारखा.

काय झालं होतं ते मेस्त्रीनं नंतर सांगितलं. टर्बो एवढा तापला होता की त्याचं सील गेलं, आणि इंजिन स्वतःचंच वंगणाचं तेल ओढून जाळायला लागलं. डिझेल बंद करून उपयोग नव्हता, कारण ते डिझेलवर चालतच नव्हतं. तेल संपेपर्यंत ते असंच पळणार, नाहीतर फुटणार. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आप्पांनाही नाव माहीत नव्हतं. पण आग त्यांना माहीत होती.

"हवा!" ते ओरडले. "हवा तोडायची! उतर, आईला घेऊन लांब हो!"

हँडब्रेक ओढून ते उतरले, बॉनेट उघडलं, आणि हवा ओढणाऱ्या जाड रबरी नळीची क्लिप हातानंच पिळून काढली. नळी सुटल्याबरोबर तिचं तोंड नुसतं घोंघावायला लागलं. आणि आप्पा त्यावर तळहात ठेवायला निघाले.

मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाला जोर लावून मागं ओढलं. आमची झटापट चालली होती तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक हात पुढं आला, त्यात स्टीलचं ताट होतं. आईनं ते ताट त्या तोंडावर थापलं.

ताट आपोआप चिकटलं. इंजिन एकदा हुंदका दिल्यासारखं अडखळलं, सगळी गाडी गदगदा हलली, ताट मधोमध आत ओढलं गेलं, आणि सगळं बंद पडलं.

त्यानंतरची शांतता मला भयंकर वाटली. तापलेल्या लोखंडाचं टिक टिक ऐकू येत होतं. आई अजून ताटाला धरून उभी होती, आणि तिला सोडायला सांगायचं कुणाला सुचत नव्हतं.

मग खालून माणसं यायला लागली. तोंडाला रुमाल, गमछे, कुणी ओले करून बांधलेले. कुरकुंभला रसायनांच्या कंपन्या आहेत, तिथं धूर दिसला की लोक आधी वारा कुठं वाहतोय ते बघतात. आमचा धूर वाऱ्यानं टपऱ्यांवर गेला होता आणि तिथं पळापळ झाली होती.

"कुठली कंपनी? काय लीक झालं?" एकजण लांबूनच ओरडला.

"दीदी, गैस है क्या?" हेल्मेट घातलेल्या दुसऱ्यानं विचारलं. तो कुठूनतरी पळत आला होता, एका पायात चप्पल नव्हती.

"गाडी आहे," मी म्हटलं. "फक्त आमची गाडी आहे."

त्यांना ते पटेना. एवढा धूर एवढ्याशा गाडीचा! तोवर कुणीतरी फोन केल्यानं बंबही आला. त्यातला फायरमन उतरला, त्यानं बॉनेटखाली डोकावलं, आत खोलगट झालेलं ताट बघितलं, आईकडं बघितलं.

"मावशी, ह्ये तुम्ही लावलं?"

"आहेराचं हुतं," आई म्हणाली. तिला वाटलं तो ताटाबद्दल रागवतोय.

आम्हाला खाली एका चहाच्या टपरीवर आणून बसवलं. आप्पांच्या दोन बोटांना क्लिप पिळताना कापलं होतं. कप धरता येईना म्हणून टपरीवाल्यानं चहा पेल्यात ओतून दिला. साखरपुड्याला फोन करून सांगितलं, येत नाही, गाडी बंद पडली. गाडी बंद पडली! दुसरं काय सांगणार.

मग मी आप्पांना पुन्हा विचारलं, का केलंत. या वेळी त्यांनी सांगितलं. आईच्या समोरच सांगितलं.

मागच्या सीझनला ते दोघं माझ्याकडून, शिरूरहून परत येत होते. न्हावऱ्याच्या पुढं असाच दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर होता. आप्पा बराच वेळ त्याच्या मागं राहिले. मग एकदा रस्ता मोकळा दिसला म्हणून बाजूला काढली. निम्म्यात गेल्यावर समोर कंटेनर आला. त्यांनी पाय फळीला टेकेपर्यंत दाबला आणि गाडी काही पुढं सरकेना. मागं दुसरी गाडी येऊन चिकटलेली, त्यामुळं मागंही जाता येईना. कंटेनरवाल्यानं स्वतःच गाडी खाली मातीत उतरवली म्हणून वाचले. उसाच्या वाढ्यांनी डावा आरसा मोडून नेला.

"आरसा तर उभ्या गाडीला म्हशीनं मोडला म्हणाला होतात," मी म्हटलं.

"म्हनलं हुतं." आप्पा पेल्यात बघत होते. "ही मागं झोपली हुती. हिला कशाला सांगायचं. पर मला झोप यीना त्यानंतर. डोळं मिटलं की त्यो कंटेनर. म्हनलं, गाडीला ओढ पायजे. पाय दाबल्यावर फुडं गेली पायजे. म्हनून केलं." पेला खाली ठेवून म्हणाले, "मंग चटक लागली. खोटं कशाला बोलू. लई मजा यायची."

आईच्या पदराला काळं तेल लागलं होतं आणि ती ते नखानं खरवडत होती.

"मी जागी हुते," ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली.

"न्हावऱ्याच्या त्या वक्ताला. जागी हुते मी. समदं बघितलं. कंटेनरचं लाइट, समदं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही मान वळवून बघितलं माझ्याकडं, मी झोपलीया का म्हनून. तवा मी डोळं मिटलं. म्हनलं, ह्यांना वाटू दे झोपली हाय. न्हाईतर तोंड दाखवायला लाजत्याल." मग तिनं माझ्याकडं पाहून सांगितलं, "त्या दिवसापासनं मी गाडीत झोपत न्हाई. नुसतं डोळं मिटून बसती."

टपरीवाला स्टोव्हचा आवाज कमी करून उभा होता. माझ्या घरातली ही दोन माणसं एकाच गोष्टीला भिऊन एक वर्ष एकमेकांच्या शेजारी झोपत होती आणि मी दर महिन्याला येऊन त्यांची तब्येत विचारून जात होते.

गाडी टेम्पोला बांधून दौंडला आणली. मेस्त्रीनं दुसऱ्या आठवड्यात इंजिन खोललं तेव्हा मी मुद्दाम रजा टाकून गेले. टर्बोची पाती टोकांनी गळून बोथट झाली होती. तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक होतं. भोकाच्या कडा गुळगुळीत, मेणबत्तीच्या कडेसारख्या. मेस्त्रीनं तो पिस्टन हातात घेऊन उजेडात धरला. "आप्पा, मी तुम्हाला मारलं असतं," तो म्हणाला. आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी सांगितलं, तू केलंस. चूक माझी हाय." मी तिथं उभी होते. मी काही म्हणाले नाही.

जुनं पेट्रोलचं इंजिन गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेलं होतंच. ते साफ करून परत बसवलं. इंजिनाचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळवून आप्पांनी स्वतः दोनदा वाचला.

पण माझी एक गोष्ट राहिली होती आणि ती मला खात होती. कामावर मीटर तपासताना मध्येच हात थांबायचा. सातशेला पाय काढायचा हे मीच सांगितलं होतं. सातशे दहा मी पाहिलं. सातशे ऐंशी पाहिलं. आठशे तीस पाहिलं. माझं काम आहे ते. कंपनीत आकडा पाच अंशांनी हलला तरी मी फोन उचलते. आणि त्या चढावर बापाच्या शेजारी बसून मी तोंड उघडलं नाही. घाबरले म्हणून नाही. मला बघायचं होतं, अजून किती चढतं. मला मजा येत होती. मागं माझी आई बसली होती आणि मला मजा येत होती.

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. उन्हाळा संपत आला तेव्हा एका रविवारी आप्पा आणि मी ओट्यावर बसलो होतो, आई आत भाकरी करत होती. मी आवाज खाली करून त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील जाऊ दे. वडील असंच म्हणतात.

ते म्हणाले, "मी मीटरकडं बघतच न्हवतो."

"म्हणजे?"

"बॉयलरवर मीटरच्या काचंपाशी एकजण असतो, आन् व्हॉल्व्हवर दुसरा. व्हॉल्व्हवाल्यानं काचंकडं बघायचं नसतं, काचंवाल्याच्या तोंडाकडं बघायचं. त्यानं आरोळी दिली की हात चालवायचा." त्यांनी ओट्यावरची मुंगी बोटानं हलकेच बाजूला केली. "मी तुझ्याकडं बघत हुतो. तू बोलली न्हाईस. म्हनलं, पोरगी मीटर बघती, आजून चालत असंल."

त्यांनी माझ्याकडं पाहिलेलं मला आठवतच नव्हतं. आजही आठवत नाही. त्या चढाचा एकूण एक आकडा मला सांगता येतो, पण शेजारी बसलेल्या बापाचा चेहरा मला दिसत नाही.

"आप्पा, मला माफ करा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. आतून आईनं जेवायला हाक मारली. आप्पा उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि आत गेले. मी बाहेरच बसून राहिले. आईनं दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, मग ती स्वतःच ताट वाढून बाहेर घेऊन आली आणि मी जेवेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली.